तगर, कण्हेर आणि शिंगवाली अळी

श्रावणाच्या आसपास अंगणातल्या तगरीचे शेंडे एकाएकी बोडके दिसू लागतात. पूजेला रोज ओंजळभर फुलं देणारं झाड, पण वरच्या फांद्यांवर पानांचे नुसते देठ उरलेले असतात. खाली फरशीवर मिऱ्याएवढ्या, कडेने खाचा असलेल्या गडद लेंड्या विखुरलेल्या दिसतात. त्यांच्या बरोबर वरची फांदी निरखून पाहिली की बोटाएवढी लांब, जाडजूड, हिरवीगार अळी सापडते. तिच्या मागच्या टोकाला एक छोटं पिवळसर शिंग असतं आणि डोक्यामागे दोन मोठे निळे डोळे. पुष्कळ घरांत यानंतर झाडू येतो किंवा फवारणीची बाटली. हा लेख त्या बाटलीचं झाकण उघडण्याआधी वाचला जावा, एवढ्यासाठी लिहिला आहे.

ही अळी ओलिअँडर हॉक मॉथ या पतंगाची. कार्ल लिनियसने १७५८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. आज त्याचं शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरिआय असं आहे. आपण त्याला कण्हेरीचा पतंग म्हणू. पूर्ण वाढलेल्या पतंगाच्या पसरलेल्या पंखांची रुंदी नऊ ते अकरा सेंटिमीटर भरते. गडद आणि फिक्या हिरव्या रंगांचे पट्टे, मधूनच पांढऱ्या लहरी, गुलाबी छटा. जंगलात तैनात जवानाच्या गणवेशावर असते तशी ही नक्षी आहे, म्हणून छायाचित्रकार मंडळी त्याला सरळ ‘आर्मी ग्रीन मॉथ’ म्हणतात. आपल्याकडच्या देखण्या कीटकांची यादी करायला बसलो तर मी याला पहिल्या पाचांत घालीन. गंमत म्हणजे हा पतंग पाहायला सह्याद्रीत भटकावं लागत नाही. दादर, सदाशिव पेठ, धंतोली, कुठल्याही वस्तीत कुंडीतली तगर त्याला पुरते.

आधी निळ्या डोळ्यांबद्दल, कारण भीती तिथूनच सुरू होते. ते डोळे नाहीतच. अळीचं खरं डोकं पुढे, लहानसं असतं. निळे ठिपके छातीच्या तिसऱ्या वलयावर असतात, मधोमध पांढरट आणि कडेला काळे. अळी स्वस्थ असते तेव्हा ते अर्धवट झाकलेले राहतात. कोणी धक्का दिला की ती डोकं आत ओढून घेते, पुढचा भाग फुगवते आणि ते ठिपके एकदम मोठे होऊन समोर येतात. चोच मारायला आलेला पक्षी क्षणभर बिचकला तरी तिचं काम होतं. मागच्या शिंगाचंही तसंच. ते मऊ असतं, त्याला नांगी नाही, विष नाही. ही अळी चावत नाही, डंख करत नाही. अंगावर केस नसल्यामुळे काही केसाळ सुरवंटांना हात लागल्यावर जशी खाज सुटते तशी हिच्यामुळे सुटत नाही.

हा पतंग राहतो कुठे? आफ्रिका खंड, भूमध्य समुद्राचा काठ, पश्चिम आशिया, संपूर्ण भारत आणि श्रीलंका, पुढे आग्नेय आशियापर्यंत त्याचा पसारा आहे. उडण्यात तो इतका दमदार आहे की उन्हाळ्यात दक्षिणेकडून निघालेले पतंग भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात जातात. एखाददुसरा तर इंग्लंडपर्यंत पोचतो आणि तिथल्या पतंगप्रेमींसाठी ती मोठी बातमी असते. तिकडची थंडी मात्र त्याला सोसत नाही, म्हणून उत्तर युरोपात त्याचा कायमचा मुक्काम नसतो. हवाई बेटांवरही तो आता पोचला आहे. आपल्याकडे त्याला थंडीची अडचण नाही. कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ, गोवा, जिथे खाद्यवनस्पती आहे तिथे तो सापडतो. पावसाळ्यात झाडांना नवी पालवी येते आणि त्या दिवसांत, पुढे दिवाळीपर्यंत, अळ्या सर्वांत जास्त दिसतात.

खाद्यवनस्पतींकडे जरा थांबून पाहू, कारण अळी शोधायची असो, टाळायची असो की वाढवायची, सगळं झाड ओळखण्यावर आहे. कण्हेर, तगर, सदाफुली, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, सप्तपर्णी, सर्पगंधा आणि हल्ली गच्चीगच्चीवर दिसणारं अ‍ॅडेनियम. ही सगळी एकाच कुळातली झाडं. यांतल्या बहुतेकांचं पान तोडलं की दुधासारखा चीक येतो. मादी हेच कूळ शोधत येते. माझ्या पाहण्यात घरगुती बागांमध्ये तिचा सर्वांत मोठा ओढा तगरीकडे असतो, एकेरी तगर असो की डबल. कण्हेरीवर अळ्या असतात, पण उंच, दाट झुडपात त्या नजरेला पडत नाहीत. महामार्गांच्या दुभाजकांवर आपण मैलोन्मैल कण्हेर लावली आहे आणि सोसायट्यांच्या कुंपणाला तगर. शहरांत या पतंगाचं बरं चाललं आहे त्याचं हे एक कारण असावं.

कण्हेर विषारी आहे हे गावाकडचं लहान मूलही जाणतं. तिच्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात आणि गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत. मग ही अळी ती पानं कशी पचवते? पेशींमधला सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण करणारा पंप हे त्या विषाचं लक्ष्य असतं. काही कीटकांमध्ये हा पंपच बदललेला असतो, त्यामुळे विष त्याला चिकटत नाही. या अळीत पंप नेहमीसारखाच आहे. तिच्या मज्जातंतूंभोवती जे आवरण असतं ते विषाला आत शिरू देत नाही, असं संशोधनात दिसून आलं आहे. कीटकशास्त्रातली अशी उदाहरणं शाळेच्या पुस्तकात यायला हवीत. मुलांनी रोज ओलांडून जायच्या कुंपणावर हे चाललेलं असतं.

तगर-कण्हेरीवर दिसणारी प्रत्येक अळी हीच असेल असं मात्र नाही. कण्हेरीवर तपकिरी-पांढरे पट्टे असलेली आणि अंगावर लांब काळ्या तंतूंच्या चार जोड्या असलेली अळी दिसली तर ती ‘हबशी’ या फुलपाखराची. तिचा कोष पानाखाली लटकतो आणि चांदीच्या दागिन्यासारखा चमकतो, तोही जपण्याजोगा. तगरीची पानं दुमडून, रेशमी धाग्यांनी चिकटवून आत बसणारी छोटी हिरवी अळी दुसऱ्याच एका लहान हिरव्या पतंगाची. कण्हेरीच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळेधमक बारीक किडे दाटीने बसले असतील तर तो मावा. तीळ लावलेल्या शेतात शिंगवाली मोठी अळी दिसली तर ती या पतंगाची नातेवाईक, पण जात वेगळी. औषध मारायचंच ठरवलं असेल तरी आधी समोर नक्की काय आहे ते पाहावं.

अंड्यापासून पंखांपर्यंत

संध्याकाळी दिवेलागणीनंतर मादी झाडाभोवती घिरट्या घालते, पानांना पायांनी स्पर्श करत एकेक अंडं ठेवते. अंडं फिकट हिरवं, गोल, मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडं लहान. कोवळ्या पानाच्या वर किंवा खाली, बहुधा एका पानावर एकच. उबदार हवेत तीन-चार दिवसांत त्यातून पिवळसर अळी बाहेर येते. ती इतकी बारीक असते की तिचं काळं, लांब, केसासारखं शिंगच आधी दिसतं. पहिल्या कातीनंतर ती हिरवी होते. पुढे पाच अवस्थांत ती वाढते, दर वेळी कात टाकते. लहानपणीचं लांब काळं शिंग अखेरच्या अवस्थेत आखूड, जाड, पिवळं-नारिंगी होतं. अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक पांढरी रेघ आणि तिच्या वर-खाली पांढरे ठिपके. पूर्ण वाढलेली अळी साडेसात-आठ सेंटिमीटर लांब असते.

अळीपणाचे एकूण दोन-तीन आठवडे असतात आणि त्यातलं बहुतेक खाणं शेवटच्या काही दिवसांत होतं. म्हणूनच ‘काल झाड ठीक होतं, आज पानं नाहीत’ असं आपल्याला वाटतं. अळी कालही तिथेच होती, लहान होती एवढंच. ही गोष्ट लक्षात ठेवली तर निर्णय सोपा होतो: ती तुम्हाला दिसेपर्यंत तिचं झाडावरचं काम संपत आलेलं असतं.

मग एके दिवशी अळीचा रंग बदलतो. पाठीवर तपकिरी-जांभळट झाक चढते, खाणं बंद होतं आणि ती झाडावरून उतरून चालू लागते. याच दिवशी ती फरशीवर, जिन्यात, कधी थेट दिवाणखान्यात सापडते आणि आजारी आहे असं समजून लोक तिला फेकून देतात. ती आजारी नसते, कोषासाठी जागा शोधत असते. पाचोळ्यात किंवा भुसभुशीत मातीवर चार पानं विरळ धाग्यांनी जोडून ती आत कोषात जाते. कोष फिकट तपकिरी, पाच-सात सेंटिमीटर लांब, त्यावर एक काळी रेघ आणि बाजूला काळे ठिपके. गरम दिवसांत साधारण दोन आठवड्यांनी पतंग बाहेर येतो.

पतंगाचं आयुष्य काही आठवड्यांचं. त्याला लांब सोंड असते, एरवी गुंडाळून ठेवलेली. सुगंधी फुलांसमोर हवेत एका जागी तरंगत तो ती सोंड लांबवतो आणि मध पितो. जाई, मोगरा, पेटुनिया अशी संध्याकाळी दरवळणारी फुलं त्याला आवडतात. लोकरीचे कपडे कुरतडणाऱ्या किंवा धान्यात होणाऱ्या पतंगांशी त्याचा काही संबंध नाही. घरात आला तर तो दिव्यामुळे आलेला असतो. दिवा मालवा, खिडकी उघडी ठेवा. तेवढ्याने जात नसेल तर भांडं पालथं घालून, खाली कागद सरकवून बाहेर न्या. पंख चिमटीत धरू नका, त्यांवरचे खवले गळतात.

झाडाचं काय करायचं

जमिनीत लावलेली कमरेएवढी तगर किंवा कण्हेर असेल तर काहीही करू नका. अशी झाडं दोन-चार अळ्यांमुळे मरत नाहीत. पानं खाल्ल्या गेलेल्या फांद्यांना काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. तगर तर छाटणीला सरावलेलं झाड आहे, तुमच्या कात्रीने तिचं जेवढं जातं त्याहून अळी फार जास्त नेत नाही. मी या बाबतीत कीटकनाशकाच्या साफ विरोधात आहे. फुलं देवाला वाहायची, मुलं त्या झाडाखाली खेळणार, सूर्यपक्षी आणि मधमाश्या तिथेच येणार, आणि दहा दिवसांत आपोआप संपणाऱ्या गोष्टीसाठी त्यावर विष मारायचं, हे मला पटत नाही.

कुंडीतली लहान सदाफुली किंवा हौसेने वाढवलेलं अ‍ॅडेनियम असेल तर गोष्ट वेगळी. एक मोठी अळी असं झाड दोन रात्रींत निष्पर्ण करू शकते. अशा वेळी अळी बसलेली डहाळी कात्रीने कापा आणि ती डहाळी परिसरातल्या एखाद्या मोठ्या तगरीच्या फांद्यांत अडकवा. अळीला ओढून काढायचा प्रयत्न करू नका. तिचे मागचे पाय फांदीला घट्ट पकडून असतात, ओढताना शरीर फाटतं. ज्यांना अळ्या मुळीच नको आहेत त्यांनी पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा कोवळ्या पानांच्या दोन्ही बाजू पाहाव्यात आणि अंडं असलेलं पान मोठ्या झाडाकडे हलवावं. पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी दोन गोष्टी सोसायटीच्या माळ्याला आवर्जून सांगा. कुंपण छाटण्याआधी फांद्या हलवून पाहाव्यात, आणि तगरीखालचा पाचोळा पावसाळ्यात तरी जाळू नये. कोष त्यातच असतात. कण्हेरीच्या छाटलेल्या फांद्या तर कधीच जाळू नयेत, कारण तिचा धूरही अपायकारक असतो. त्या गुरांच्या तोंडापर्यंत पोचणार नाहीत अशा जागी टाकाव्यात. वाळलेली पानंही विषारीच राहतात.

घरात वाढवून पाहायची असेल तर

मुलांना सगळा प्रवास दाखवायचा असेल तर एखादी अळी घरी वाढवा. यासाठी मोठी प्लॅस्टिकची बरणी किंवा पुठ्ठ्याचं खोकं पुरतं. तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा, तळाला वर्तमानपत्राचा कागद घाला. ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची पानं शेवटपर्यंत द्या. तगरीवर वाढलेली अळी मध्येच कण्हेरीवर नेली तर ती कधीकधी खातच नाही. पानं रोज ताजी, कोरडी हवीत. पावसात भिजलेली असतील तर पुसून घ्या. पाणी वेगळं ठेवू नका, तिला लागणारा ओलावा पानातून मिळतो. लेंड्या रोज झाडा, नाहीतर बुरशी धरते आणि अळी दगावते. एका बरणीत दोनांपेक्षा जास्त अळ्या नकोत.

पानं कुठून आणता हे फार महत्त्वाचं आहे. रोपवाटिकेतून नुकतंच आणलेलं झाड चालणार नाही. त्यावर आधी औषध मारलेलं असतं आणि काही औषधं झाडाच्या रसात मुरून राहतात, पान धुऊनही जात नाहीत. ज्या खोलीत मच्छर पळवणारी अगरबत्ती किंवा यंत्र चालू असतं तिथेही बरणी ठेवू नका. अळ्या मरण्याचं हे कारण पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

मुलांना एक शिस्त पहिल्या दिवसापासून लावा: पानं हाताळली की साबणाने हात धुवायचे, चिकाचा हात डोळ्याला लावायचा नाही, पान किंवा फूल तोंडात घालायचं नाही. अळीला हात लावायला हरकत नाही, पण कात टाकायच्या आधी ती दिवसभर निश्चल बसते, तेव्हा तिला हलवू नये.

अळीचा रंग बदलून ती बरणीत फेऱ्या मारू लागली की तळाला दोन-तीन बोटं भुसभुशीत माती किंवा नारळाचा काथ्या आणि वर वाळकी पानं पसरा. मग तिला हात लावू नका. कोष झाल्यावर अधूनमधून पाण्याचा हलका शिडकावा करा. माती कोरडी ठणठणीत नको आणि चिखलही नको. बरणीत एक खरबरीत काडी तिरकी उभी करून ठेवा. बाहेर आलेल्या पतंगाचे पंख ओले, चुरगळलेले असतात. काडीवर चढून, लटकून तो ते पसरवतो. चढायला जागा मिळाली नाही तर पंख तसेच वाकडे राहतात आणि तो कधीच उडू शकत नाही. याच वेळी तो तांबूस-तपकिरी द्रव सोडतो. ते रक्त नव्हे, कोषात साठलेला मळ आहे. दिवसभर त्याला शांत राहू द्या आणि अंधार पडल्यावर तगरीच्या फांदीवर सोडा. दिवसा सोडला तर कावळा किंवा कोतवाल टिपण्याची भीती असते.

एक शक्यता मुलांना आधीच सांगून ठेवा. कधी कोषातून पतंगाऐवजी माश्या निघतात. काही परजीवी माश्या अळीवर अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं तिला आतून खातात. बारीक गांधीलमाश्या तर पतंगाच्या अंड्यातच आपलं अंडं घालतात. शिवाय बुलबुल आणि भारद्वाज अळ्या टिपतच असतात. तुमच्या तगरीवर दरवर्षी अळ्यांचा उच्छाद होत नाही तो या सगळ्यांमुळे. फवारणी केली की आधी हे मदतनीस मरतात.

अळ्या घरी वाढवून निरीक्षण करण्याची परंपरा आपल्या किनाऱ्यावर जुनी आहे. टी. आर. बेल हे वनाधिकारी त्या काळच्या मुंबई इलाख्यातल्या कारवारला राहत. त्यांनी आसपासच्या रानांतून कीटक आणि अळ्या जमवल्या, हॉक मॉथच्या अळ्या वाढवून त्यांचे तपशील टिपले. एफ. बी. स्कॉट यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला भारतातल्या हॉक मॉथवरचा ग्रंथ १९३७ साली निघाला. आजही अभ्यासक तो उघडतात. बेल यांना उपकरणं फार लागली नाहीत, रोजची नोंद लागली.

तशी नोंद तुम्हीही ठेवू शकता: तारीख, गाव, झाड, अळीची लांबी, कोष कधी झाला, पतंग कधी आला. भारतात फुलपाखरांच्या सुमारे तेराशे जाती आहेत, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. फुलपाखरांच्या मागे कॅमेरे घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत, पतंगांची माहिती मात्र अजून तुटपुंजी आहे. कोणती अळी कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडावर दिसली, हा तपशील घरच्या बागेतूनच येऊ शकतो. आयनॅचरलिस्ट, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळांवर छायाचित्रांसह नोंदी स्वीकारल्या जातात. छायाचित्र काढताना अळीबरोबर झाडाचं पान आणि फूलही दिसेल असं पाहा, नाहीतर खाद्यवनस्पतीची खात्री करता येत नाही. दरवर्षी जुलैच्या अखेरीस जगभर राष्ट्रीय पतंग सप्ताह साजरा होतो, भारतातही ठिकठिकाणी लोक भाग घेतात. पांढरी चादर, एक दिवा आणि गच्ची एवढ्यावर काम भागतं. मात्र निरीक्षण झालं की दिवा बंद करा. रात्रभर जळणाऱ्या दिव्याभोवती पतंग दमून पडतात आणि सकाळी पक्ष्यांच्या तोंडी जातात. बाल्कनीतला शोभेचा दिवाही रात्री मालवला तर बरं.

या पावसाळ्यात तगरीखाली लेंड्या दिसल्या तर वर पाहा, अळी शोधा, घरातल्या मुलांना बोलवा. फवाऱ्याची बाटली कपाटातच राहू द्या. आठ-दहा दिवस झाड थोडं विद्रूप दिसेल, तेवढं तिला खाऊ द्या.